चौथा तुकडा

लॅबमधले बहुतेक नियम भिंतीवर लावलेले होते. हातमोजे घाला, बाटलीवरचा नंबर दोनदा वाचा, रंगाच्या टेबलाशी चहा पिऊ नका. सगळ्यांत महत्त्वाचा नियम मात्र कुठेच लिहिलेला नव्हता, आणि कदाचित म्हणूनच सगळे तो पाळत. घरच्या माणसाचा ब्लॉक आपण कापायचा नाही.

ताईने हा नियम बावीस वर्षं पाळला आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलीला दरडावून शिकवला. "नात्याचं माणूस मशीनवर आलं की हात आपला राहत नाही," ती म्हणायची. "उठायचं, शेजारणीला बसवायचं आणि बाहेर जाऊन घोटभर पाणी प्यायचं." लोका सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःवर वेळ आली तेव्हा बाई उठली तर नाहीच, उलट शेजारणीला उठवून तिच्या जागी जाऊन बसली.

हे काम बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगायला हवं. आजाऱ्याच्या अंगातून काढलेला तुकडा, कधी चिंचोक्याएवढा तर कधी तिळाएवढा, मेणात बसवतात. मेण गार झालं की त्याची छोटी वडी होते, तिला म्हणायचं ब्लॉक. ब्लॉक मशीनला लावून चाक हाताने फिरवायचं. दर फेऱ्याला तो पातीवरून घासत खाली येतो आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप सुटतो. काप एकमेकांना चिकटून रिबनीसारखे येतात. ती रिबन कोमट पाण्यावर तरंगवायची, काचेवर अलगद उचलायची, रंगवायची आणि डॉक्टरांकडे द्यायची. लोकांना वाटतं, आजार डॉक्टर शोधतात. डॉक्टरांना दिसतं तेवढंच, जेवढं कापणारीने काचेवर ठेवलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

घरचं माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ. त्याला जग मास्तर म्हणायचं आणि तीही मास्तरच म्हणायची. तो गाडी शिकवायचा. दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली एक पांढरी गाडी, तिच्या डोक्यावर पाटी, आणि शेजारच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसलेला मास्तर. त्याचा आवाज कधी चढायचा नाही. समोरून ट्रक आला तरी तो शेजारच्या बाईला "आता आपण काय करणार बरं?" असं विचारायचा, आणि तिचं उत्तर यायच्या आत स्वतःच ब्रेक दाबून मोकळा व्हायचा. त्याचाही एक नियम होता. घरच्यांना शिकवायचं नाही. "घरच्याला गाडी शिकवली की एक तर गाडी फुटते, नाही तर घर," तो म्हणायचा. त्यामुळे त्याच्या बायकोला बस पाठ होती आणि ताई, नवरा गेल्यापासून त्यांच्याकडेच राहणारी, पन्नाशी उलटली तरी रोज पायी लॅबला जायची.

मास्तरची एक नाकपुडी बंद झाली तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. सर्दी कुणाला होत नाही? वाफ घेतली, थेंब घातले, गोळ्यांची पाकिटं संपली. तीन महिन्यांनी नाकातून रक्ताच्या खपल्या पडू लागल्या आणि डोळ्याखालचा गाल सुजला. मग वास यायला लागला. तो त्याला स्वतःला येत नव्हता, कारण त्याचं नाक वासाला केव्हाच मेलं होतं, पण शेजारी बसणाऱ्यांना येत होता. गाडी शिकणाऱ्या एका मुलीने शिकवणीच्या शेवटच्या दिवशी त्याला गाडीत टांगायची अत्तराची कुपी भेट दिली. मास्तरने ती जेवताना दाखवली आणि म्हणाला, "बघा, गुरुदक्षिणा! पोरगी हुशार आहे, बोलली काही नाही." तो हसला. दुसऱ्याच दिवशी ताईने त्याला हाताला धरून लॅबच्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावरच्या नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, चार तुकडे काढले आणि बाटली ताईच्याच हातात दिली. "तीन वरवरचे आहेत," ते म्हणाले. "वर सगळं मेलेलं, काळं पडलेलं दिसतंय. एक जरा खोलातून घेतलाय. तो महत्त्वाचा, खाली सांगा."

खाली सांगायचं कुणाला, तीच तर खाली होती. तिने बाटली जमा केली, नंबर पडताना पाहिला, आणि वहीत 'चार तुकडे' अशी नोंद झालेली पाहिली. दुसऱ्या दिवशी त्या नंबरचा ब्लॉक शेजारणीच्या ट्रेमध्ये, मेण कडक राहावं म्हणून बर्फावर ठेवलेला दिसला तेव्हा तिच्या मनात एकच विचार आला. हे दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं? बावीस वर्षांत आपल्याइतका हलका हात कुणाचा होता? शेजारणीला ती म्हणाली, "तू रंगाकडे बघ, आज मी बसते." शेजारीण बिचारी काही न विचारता उठली.

ब्लॉक मशीनला लावल्यावर आधी वरचं मेण जाड कापांनी खरवडून काढावं लागतं, तुकडा उघडा पडेपर्यंत. तुकडे बारीक असले तर हे खरवडणं जवळजवळ करायचंच नाही, पहिला ठिपका दिसला की थांबायचं. हेही ताईनेच सगळ्यांना शिकवलेलं. पण त्या दिवशी तिला चारही तुकडे एका काचेवर, पूर्ण, गोल, नीट दिसायला हवे होते. तीन दिसत होते अर्धेमुर्धे. आणखी थोडं, आणखी थोडं, असं करत ती चाक फिरवत गेली. तीन तुकडे पूर्ण उघडले तेव्हा तिने चौथा शोधला, तो नव्हता. उरलेले तिन्ही काळे होते, म्हणजे गेलेला खोलातलाच. तो मेणात इतरांपेक्षा वर बसला होता. तो सगळ्यांत आधी आला होता आणि सगळ्यांत आधी गेला होता.

खाली ट्रेमध्ये मेणाचा भुगा पडला होता. ताईने ब्रशने तो उपसून पाहिला, चिमटीत धरून पाहिला, उजेडात नेऊन पाहिला. खोबऱ्याच्या किसात साबुदाण्याचा एक दाणा कुस्करून गेला असावा आणि तो परत जोडायला बसावं, तसलं ते काम होतं. अर्ध्या तासाने तिने ट्रे कचऱ्यात उपडा केला आणि तीन तुकड्यांची काच रंगायला दिली.

दुपारी भिंगवाल्या डॉक्टरांनी हाक मारली. स्लाईड बघणारे हे डॉक्टर स्वभावाने सरळ आणि कामात चिकट. "वहीत चार आहेत, काचेवर तीनच. चौथा कुठे गेला?"

"म्युकस होतं ते, सर," ताई म्हणाली. "प्रोसेसिंगमध्ये विरघळून गेलं."

असं होतं. नाकातून आलेल्या तुकड्यांत एखादा नुसता शेंबडाचा गोळा निघतो आणि औषधांतून जाताना नाहीसा होतो. म्हणून तर ते खोटं इतकं खरं वाटलं. डॉक्टरांनी मान हलवली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी चार प्रश्न विचारले असते, पण ताईने सांगितलं म्हटल्यावर विषय संपला. त्यांनी लिहिलं: मृत मांस आणि सूज. दिलेल्या नमुन्यात कर्करोग दिसला नाही. शंका राहिल्यास पुन्हा तुकडा घ्यावा.

शेवटचं वाक्य कोण वाचतो? मास्तरने मधलं वाचलं आणि घर डोक्यावर घेतलं. बायकोला बाहेर जेवायला नेलं, ताईला बळेबळे बरोबर ओढलं, आणि वाढणाऱ्या माणसालासुद्धा सांगितलं, "ही माझी बहीण. हिच्या हातची तपासणी आहे. घरचं माणूस असल्यावर काळजी कसली?" नाकाच्या डॉक्टरांनी औषधं बदलून दिली, नाक धुवायला सांगितलं, दोन आठवड्यांनी पुन्हा बदलून दिली. ताई रोज ठरवायची की आज सांगू, पुन्हा तुकडा घ्यायला लावू. पुन्हा तुकडा का, असं कुणी विचारलं तर तिच्याजवळ सांगण्यासारखं कारण एकच होतं. तिने एकदा चाचरत म्हणून पाहिलं, "मास्तर, एकदा परत दाखवू या का?" तो म्हणाला, "तुझाच तुझ्यावर विश्वास नाही का?"

असे सात आठवडे गेले.

एका सकाळी मास्तर चहा पीत होता आणि चहा नाकातून बाहेर आला. "ताई, बघ, जादू," तो म्हणाला. त्याच्या बायकोने त्याला तोंड उघडायला लावलं. टाळूला मसुराच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं.

मग सगळं धावपळीत झालं. भूल देऊन खोलातून बरेच तुकडे काढले, ते शेजारणीने कापले, आणि ताई त्या दिवशी बाहेर जाऊन पाणी प्यायली. आठ दिवसांनी नाव कळलं. लिम्फोमा, पण नेहमीचा नव्हे. नाकात आणि श्वासाच्या वरच्या वाटेत होणारा, हजारांत न दिसणारा. शरीराची राखण करायला ज्या पेशी नेमलेल्या, त्याच उलटून भोवतालचं मांस खात सुटतात. कुंपणानेच शेत खायचं म्हटल्यावर दाद कुणाकडे मागायची?

कर्करोगाच्या डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या. नाकापुरता असतो तेव्हा किरणांनी चांगला आटोक्यात येतो. आता मानेत गाठ आहे, म्हणजे किरणं द्यायचीच, शिवाय इंजेक्शनंही. मास्तरच्या बायकोने विचारलं, "दोन महिने आधी कळलं असतं तर?"

"कदाचित बरं झालं असतं, कदाचित नसतं," बाई म्हणाल्या. "या आजारात पहिल्या वेळी बऱ्याचदा मेलेलं मांसच हाती लागतं. कुणाची चूक नसते."

ताई फरशीकडे बघत राहिली. तिथे कुणाच्या तरी बुटाची ओली खूण होती, ती वाळेपर्यंत तिने मान वर केली नाही.

अठ्ठावीस दिवस किरणं, सुटीचे वार सोडून. मास्तरला गाडी चालवायला मनाई केली, कारण सुजलेल्या डोळ्याने त्याला धड दिसत नव्हतं आणि इंजेक्शनांनी चक्कर यायची. त्याची बायको पोस्टाच्या खिडकीवर बसायची, तिच्या रजा संपल्या होत्या. ताईने लांबलचक रजा टाकली. लॅबमध्ये तसंही तिचं चित्त उरलं नव्हतं.

"मग तूच चालव," मास्तर म्हणाला. "मी बसतो शेजारी."

"तुझा नियम?"

"नियम धडधाकट माणसांसाठी असतात. उद्या शिकाऊ परवाना काढू."

अशी त्रेपन्नाव्या वर्षी ताई गाडी शिकली, घर ते किरणांचा विभाग एवढ्याच रस्त्यावर. पहिल्या दिवशी गाडी नऊ वेळा बंद पडली. "क्लच असा सोडायचा," मास्तर नाकातल्या नाकात म्हणाला, "जसा आपण पाहुण्याला निरोप देतो. दारापर्यंत जायचं, थोडं रेंगाळायचं, मग हळूच दार लावायचं. तू तोंडावर दार आपटतेस." तिला हसू आलं आणि हसताना गाडी दहाव्यांदा बंद पडली.

त्याच्यासाठी प्लॅस्टिकच्या जाळीचा एक मुखवटा बनवला होता. गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर ओढून दाबून धरतात, गार झाली की ती त्याच माणसाच्या मापाची होते. रोज तो मुखवटा चढवून त्याला टेबलाला जखडायचे, मान तसूभरही हलता कामा नये. बाहेर आला की कपाळावर आणि गालावर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. दुसऱ्या आठवड्यात तोंड कोरडं पडलं. तिसऱ्यात गालाची कातडी भाजल्यासारखी काळवंडली, जेवणाला चव राहिली नाही, टाळूच्या भोकावर बसवलेली पट्टी खालून टोचायला लागली. इतका बोलका माणूस, पण बोलायला पाणी लागायचं. दर दोन वाक्यांमागे एक घोट.

चौदाव्या दिवशी परत येताना त्याने बाटलीतून घोट घेतला आणि म्हणाला, "एक सांगू? ते सात आठवडे मी राजासारखा जगलो बघ. तो पहिला कागद हातात आला, आणि वाटलं, सुटलो. अकरा जणांना शिकवलं त्या दिवसांत. सगळ्यांना सांगायचो, माझ्या बहिणीने स्वतः कापलंय, चूक व्हायचीच नाही. रोग लबाड निघाला, त्याला तू काय करणार?"

समोर चौकातला दिवा लाल होता. ताईने गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवरचे हात न हलवता सगळं सांगितलं. खोलातला तुकडा, खरवडणं, भुगा, आणि म्युकस. बोलता बोलता तिचा पाय ब्रेकवरून सुटला, गाडी पुढे सरकली, पुढच्या गाडीला टेकणार एवढ्यात मास्तरच्या पायाने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला.

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले.

"चालू कर," मास्तर म्हणाला. "आरसा बघ. डावीकडे."

त्यानंतर नऊ दिवस तो तिच्याशी तेवढंच बोलला. आरसा बघ. गिअर टाक. सावकाश. नवख्या शिकणारीशी बोलावं तसं, आवाज न चढवता. त्याने शिव्या घातल्या असत्या तर तिने त्या मुकाट्याने पदरात घेतल्या असत्या. ती घरी ताट वाढायची, तो अर्धं खाऊन उठायचा. मास्तरची बायको विचारायची, "वन्सं, तुमचं दोघांचं काय बिनसलंय?" ताई म्हणायची, "गाडी नीट येत नाही मला, म्हणून." हे दुसरं खोटं तिला पहिल्याहून सोपं गेलं, याचीच तिला लाज वाटली.

चोविसाव्या दिवशी गाडी लावून झाल्यावर तो उतरला नाही. पाण्याचा घोट घेतला.

"त्या डॉक्टरला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग? मी त्याचं काय करू? ज्याच्याशी खोटं बोललीस, त्याला जाऊन सांग."

तो मुखवट्याखाली होता तेवढ्या वेळात ताई जिना उतरून लॅबमध्ये गेली. भिंगवाल्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी जुनी वही मागवली, ती नोंद काढली आणि नोंदीपुढे लाल शाईने त्या दिवशीच्या तारखेसह खरं ते लिहिलं. "तुकडा कुणाकडूनही जातो," ते म्हणाले. "माझ्या हातूनही गेलेत. तुम्ही नुसतं 'गेला' म्हणाला असतात, तर मी त्याच दिवशी वर फोन करून दुसरा मागवला असता." आवाज चढला नाही त्यांचाही. ताईला मशीनवरून काढून काचांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवायचं ठरलं. त्या आठवड्यापासून लॅबच्या भिंतीवर नवा नियम लागला: वहीतले तुकडे आणि काचेवरचे तुकडे मोजून दोघांनी सह्या करायच्या. त्या कागदाखाली कुणाचं नाव नव्हतं, पण येणारीजाणारी प्रत्येक जण आधी कागदाकडे बघायची आणि मग ताईकडे.

घरी जाताना मास्तरने विचारलं, "काय म्हणाले?" तिने सांगितलं. तो "हं" म्हणाला. पुढच्या वळणावर म्हणाला, "गिअर चांगला टाकलास." तेवढ्यावर ती घरापर्यंत रडत आली, तरी गाडी बंद पडू दिली नाही.

किरणं संपली. महिन्याभराने काढलेल्या चित्रांत नाक स्वच्छ दिसलं, मानेतली गाठ विरली होती. टाळूची पट्टी होती, चव नव्हती, वास तर नव्हताच, पण मास्तर पुन्हा पांढऱ्या गाडीत बसला आणि एका निवृत्त शिक्षिकेला शिकवू लागला. ताई चिठ्ठ्या चिकटवत होती आणि सकाळी मास्तरला शेजारी बसवून कामावर आता स्वतः गाडी चालवत जात होती. घरात कुणी मोठ्याने बोलत नसे, आनंद झाला आहे हे कुणाच्या तरी कानावर जाईल अशी भीती सगळ्यांनाच होती.

ती भीती खरी ठरायला सात आठवडे लागले. मास्तरच्या पोटरीवर आणि दंडावर जांभळट गाठी आल्या, बोराएवढ्या. त्या दुखत नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी बोटाने चाचपल्या आणि म्हणाल्या, "दोन्हीकडचा एकेक तुकडा घेऊ. प्रत्येक मधोमध कापून चार होतील."

"कापणार कोण?" मास्तरने विचारलं.

बाईंना प्रश्न कळला नाही. मास्तर खाली भिंगवाल्या डॉक्टरांकडे गेला, ताईच्या देखत. "माझे तुकडे हिने कापायचे," तो म्हणाला.

"तसा नियम नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि ताई आता मशीनवर नाहीत."

"नियम मलाही होता, डॉक्टर. घरच्यांना शिकवायचं नाही म्हणून. शिकवलं, आणि आज ती गाडी चालवते. पेशंट मी आहे. हिने मोडलंय, हिनेच नीट करायचं. तुम्ही शेजारी उभे राहा, हवं तर ब्रेकवर पाय ठेवा." मग ताईकडे वळून म्हणाला, "हात थरथरला तरी चालेल. खोटं बोलायचं नाही, बस्स."

ताईने हात जोडले, नको म्हणून. तो तिच्याकडे न बघता जिना चढून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मशीनवर बसली. डॉक्टर शेजारी उभे होते. तिने ब्लॉक उजेडात धरून चारही ठिपके पाहिले, तिरपा बसलेला एक होता तो हेरला, आणि खरवडलं अगदी बोटांवर मोजण्याइतके फेरे. पहिला ठिपका दिसताच थांबली. मग तिथून एकही काप वाया न घालवता रिबन धरत गेली, काच भरली की दुसरी, दुसरी भरली की तिसरी. हात थरथरला नाही. रंग झाला, जांभळा आणि गुलाबी. वहीत चार, काचेवर चार. ताईने सही केली, डॉक्टरांनी सही केली. इतकी देखणी काच तिने बावीस वर्षांत काढली नव्हती.

डॉक्टर भिंगावर वाकले. बराच वेळ काच सरकवत राहिले. मग खुर्ची मागे घेऊन त्यांनी भिंग तिच्याकडे वळवलं. कापणाऱ्या बाया आजार ओळखत नाहीत, असं म्हणायची पद्धत आहे. बावीस वर्षं रोज बघितल्यावर काय ओळखत नाही माणूस? रक्तवाहिन्यांभोवती त्या काळपट पेशींची दाटी होती. एका तुकड्यात, दुसऱ्यात, तिरपा होता त्यात आणि शेवटच्यात.

"खात्रीसाठीचे खास रंग व्हायला दोन दिवस लागतील," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "तोवर रिपोर्ट आला नाही असं सांगितलंत तरी खोटं होणार नाही."

मास्तर बाहेर गाडीत बसला होता, शिकवणाऱ्याच्या सीटवर, मांडीवर पाण्याची बाटली. ताई स्टिअरिंगमागे बसली, तिने पट्टा लावला. डॉक्टरांनी दिलेलं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं.

"चारही आले?" त्याने विचारलं.

"चारही आले."

"मग?"

तिने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "चारहींत आहे, मास्तर."

त्याने बाटलीचं झाकण उघडलं, घोट घेतला नाही, झाकण परत लावलं. समोर एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होती. ती पलीकडे पोचेपर्यंत दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"या वेळी खोटं बोलली असतीस," मास्तर म्हणाला, "तरी चाललं असतं गं."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तो समोर बघत होता, आणि त्याचा पाय त्याच्या बाजूच्या ब्रेकवर नव्हता.

"चल," तो म्हणाला. "आरसा बघ."